पाटीवरची चूक

सुधाकर गेला त्याला आता महिना होत आला. धुळ्याच्या कॉलेजात तो मानसशास्त्र शिकवायचा, मी रसायनशास्त्र. बातमी कळली तेव्हा रडू यायच्या आधी मला राग आला. भांडण असं अर्ध्यावर टाकून कुणी जातं का?

आमचं भांडण जुनं होतं. मी म्हणायचो, नीट समजावून सांगितलं की लोक सुधारतात. तो म्हणायचा, "लोक तुझं ऐकत नाहीत रे, शेजाऱ्याकडे बघतात." हे त्याला त्याच्या गावानं शिकवलं होतं, शिंदखेड्याकडच्या. तिथे दोन गल्ल्यांत होळीची चुरस असे... कुणाची जास्त उंच? त्यापायी नदीकाठचे कडुनिंब दरवर्षी कमी होत चालले होते. सुधाकरने चौकात पाटी लावली : 'या गावात सगळे झाडं तोडतात. लाज बाळगा.' त्या वर्षी दोन्ही होळ्या कधी नव्हत्या एवढ्या उंच झाल्या. त्याने जाब विचारला तेव्हा एक जण शांतपणे म्हणाला, "बठ्ठा तोडतस असं तुम्हीच लिखेल शे ना भाऊ, मंग आम्हीच मांगे का राहानं?"

दुसरा कुणी गावाला मूर्ख ठरवून मोकळा झाला असता. सुधाकरने स्वतःलाच शिव्या घातल्या, पाटी उखडली आणि पुढच्या होळीआधी अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसला. अक्का म्हणजे त्याची थोरली काकू. होळीला पहिला निवद त्यांचा, मग गावाचा. झाडांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. एवढंच विचारलं, ओल्या लाकडाच्या धुरानं पूजेत डोळे चुरचुरत नाहीत का? अक्का उठल्या आणि चौकात जाऊन उभ्या राहिल्या. "वल्ला लाकूडनी होळीले मी निवद दखाडाव नही." झालं! दोन्ही गल्ल्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या गोळा करायला धावल्या. चुरस तशीच राहिली, निंब वाचले.

"ही चलाखी झाली," मी म्हणालो होतो.

"मग तू प्रबोधन कर. मी निंबाखाली बसतो."

परवा त्याच्या गावचे दोघे आले. सरांच्या स्मरणार्थ यंदा नदीकाठचा सगळ्यात मोठा निंब पाडून जंगी होळी करायची म्हणे! माझं डोकंच फिरलं. पण प्रबोधन काही सुचेना. विचारलं, "अक्का काय म्हणतात?" दोघं चुळबुळले. अक्कांना आता दिसत नाही, लाकूड वाळलं की ओलं त्यांना काय कळणार, असा हिशेब होता.

दुसऱ्याच दिवशी गाव गाठलं आणि अक्कांना सगळं सांगितलं. त्या पदर सावरून ताठ बसल्या. "मन्हा डोया गयात... नाक शे ना अजून!"

ती पाटी सुधाकरच्या खोलीत टेबलासमोर अजून टांगलेली आहे. आपली चूक डोळ्यांसमोर असावी म्हणून त्यानेच टांगलेली. वहिनी म्हणाल्या, आठवण म्हणून घेऊन जा. मी नेली नाही, तिची जागा तीच. होळीला मी अक्कांचा हात धरून चौकात उभा असेन. आणा बघू कुणी ओलं लाकूड!