नाल्यावर नजर ठेवणारे भास्करराव

भास्करराव गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी संपवली, मग उठले. महिना झाला त्याला.

नव्वदच्या दशकात मी शहर बसच्या डेपोत वेळापत्रकाच्या कामाला लागले, तेव्हा ते तिथं हेड मेकॅनिक होते. डेपो पंचवटीच्या बाजूला, सखलात, मागे नाला. दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी भिंतीवर जिथवर चढे तिथं ते ऑइलपेंटची रेघ मारत. रेघा वर सरकत चालल्या होत्या. "पाऊस तेवढाच हाय मॅडम, पण चार दिवसांचा चार तासांत पडतो." हवामानबदल हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या तोंडी नव्हता.

दोन हजारनंतरच्या एका ऑगस्टात, भर दुपारी, ते ओलेचिंब माझ्यासमोर उभे राहिले. "गाड्या वरच्या मैदानात काढा." नाशिकमध्ये पूर मोजतात तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीवर, गुडघ्याला, कमरेला, छातीला. मी चौकशी केलेली होती. म्हटलं, "अजून कमरेलाही लागलं नाही." "मारुती नदी बघतो, मॅडम. आपला नाला कोण बघणार?" साहेब बाहेरगावी होते, हुकमाशिवाय गाडी हलणार नाही, असं मी सुनावलं. "मग माझ्या नावावर लिहा," म्हणाले आणि ड्रायव्हरांना हाका मारत गेले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाची नोकरी जाईल अशी तक्रार मी खरंच लिहायला घेतली... सही करायच्या आत पाणी टेबलाखाली आलं.

दोन सोडून सगळ्या गाड्या निघाल्या. त्या दोन भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मागे घेईपर्यंत इंजिनात पाणी शिरलं. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं ते त्यानंतर तासाभरानं. वाचलेल्या गाड्यांतूनच आम्ही संध्याकाळी नदीकाठची कुटुंबं शाळांमध्ये हलवली. तक्रार मी फाडली. माफी मागायला हवी होती, मागितली नाही. भास्करराव एवढंच म्हणाले, "काय मॅडम, कागद वाहून गेला का?"

पुढच्या जूनपासून मी नियम केला: प्रत्येक गाडी उलटी आत घ्यायची, तोंड फाटकाकडे. ड्रायव्हर कुरकुरले. भास्करराव पहिल्या दिवशी स्वतः फाटकात उभे राहून शिट्टी वाजवत होते.

परवा तिकडून गेले. सगळ्या गाड्या तशाच उभ्या. एका ड्रायव्हरला विचारलं, "अशा का लावता?"

"पहिल्यापासूनची पद्धत आहे, बाई."

पहिल्यापासूनची नाही, म्हटलं, आणि त्याचा चहा गार होईपर्यंत त्याला सोडलं नाही.