पांढरा धूर, घाटाच्या अलीकडे

गॅरेजांच्या गल्लीत त्याला सगळे नाकवाला मिस्त्री म्हणत. नाक काही मोठं नव्हतं, चेहऱ्याच्या मानाने बसकंच. पण ट्रक फाटकातून आत येऊन उभा राहीपर्यंत हा सायलेन्सरमागे ओणवा झालेला असायचा. ओंजळभर धूर नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि निकाल सांगायचा. काळा धूर कुणालाही कळतो, हवा कमी अन् डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. खरी मारामारी पांढऱ्याची. त्यात न जळलेलं कच्चं डिझेल असू शकतं, नाहीतर इंजिनाच्या पोटात शिरलेलं कूलंटचं पाणी. दिसायला दोन्ही सख्खे भाऊ. एकाचा वास उग्र, दुसऱ्याचा गोडसर. पहिल्यात डिझेल फवारणारं नोझल साफ करून भागतं. दुसऱ्यात इंजिनाचं डोकं खोलल्याशिवाय गाडी हलवायची नसते.

हा फरक त्याने पोरवयात उस्तादाच्या शिव्या खात शिकून घेतला होता. त्याच्यावर संसार उभा केला, मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या, बायकोच्या भावाला ट्रकच्या धंद्याला लावलं.

मागच्या हिवाळ्यात तापाने त्याला आडवं केलं. ताप गेला तो जाताना वास घेऊन गेला. साबण, घाम, डिझेल, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि ह्याने विचारलं नाही. गल्लीत चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? पहिलवानाने आखाड्यात उभं राहून सांगायचं का, की हात उचलत नाही म्हणून?

ओंजळीचा कार्यक्रम चालूच राहिला. फक्त आता डोळे पुरते मिटायचा नाही, बारीक फट ठेवायचा. कच्च्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो, पाण्याची वाफ झोंबत नाही. तेवढ्यावर निभत होतं.

त्या सकाळी मेहुणा ट्रक घेऊन आला. दगडी फरश्यांनी गच्च भरलेला, घाट उतरून पलीकडे जायचा.

"दाजी, पहाटेपासून पांढरा सोडतेय. बघा जरा, मग निघतो."

"इंजिन गरम झाल्यावरही?"

"आमच्या ताईसारखं आहे. गरम झालं की जास्तच."

मिस्त्री पत्र्याच्या डब्यात डिझेल घेऊन नोझल धूत बसला होता. तसाच उठला. कपाळाचा घाम मनगटाने पुसला, मनगट डोळ्यांवरून फिरलं. सायलेन्सरमागे ओणवला, तर डोळे असे झोंबले की पाणी आलं.

"कच्चं डिझेल. नोझल गळतंय एखादं. माल टाकून ये, परत आलास की करून देतो."

"नक्की ना? घाट आहे पुढे."

"नाक माझं का तुझं?"

मेहुणा हसला. फोन सीटखालच्या पेटीत टाकला, ही शिस्तही दाजींनीच लावलेली, आणि गाडी काढली.

मिस्त्रीची बायको भावासाठी चहा घेऊन आली तेव्हा शेडमध्ये नुसता धूर तरंगत होता.

"गेलासुद्धा? आणि काय हो, इथे पाक कुणी करपवला?"

"कसला पाक?"

"गोड गोड वास येतोय की. घशाला चिकटतोय." तिने त्याच्याकडे पाहिलं. "डोळे का लाल? डिझेलचा हात लावलात परत?"

मिस्त्रीने मनगट उजेडात धरलं. ते डिझेलने चकाकत होतं. डोळे धुराने झोंबलेच नव्हते.

मेहुणा घाट नेहमी खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरायचा. पाणी संपून इंजिन मधेच बसलं, तर पाठीवर फरश्या आणि पुढे उतार. एकटे ब्रेक किती वेळ धरणार?

"बस मागे," त्याने मोटारसायकलला लाथ मारली.

"फोन करा ना आधी."

"फोन पेटीत आहे."

ती बसली. गाव मागे पडलं. मग त्याच्या कानाशी तिचा आवाज आला. "तुम्हाला वास येत नाही."

त्याने गिअर बदलला.

"परवा गॅस चालू राहिला होता, तुम्ही शेजारी बसून दाढी करत होतात. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

"मग तूच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर मारक्या बैलासारखे अंगावर आला असतात." ती म्हणाली, "माझ्या भावाला काही झालं ना..." त्याने मूठ आणखी पिळली.

चढ लागला. वळणामागून वळण जात होतं, ट्रक दिसत नव्हता. "पुढेच आहे," ती म्हणाली. "वास वाढलाय."

घाटमाथ्यावर नाक्याशी ट्रकांची रांग होती. मेहुण्याचा ट्रक सर्वांत पुढे. आडवा दांडा वर गेला, ट्रक हलला, आणि मिस्त्रीने मोटारसायकल त्याच्या तोंडासमोर आडवी घातली. ब्रेक किंचाळले.

"मरायचंय का रे..." मेहुण्याने डोकं बाहेर काढलं. "दाजी?"

मिस्त्री पुढून वर चढला. कूलंटच्या बाटलीतली पातळी तळाला गेली होती, उरलेल्या पाण्यात बुडबुड्यांवर बुडबुडे.

"बंद कर. हेड गॅस्केट गेलंय. पाणी आत जातंय."

"सकाळी डिझेल म्हणालात. वास घेऊन म्हणालात."

मागे हॉर्न वाजत होते, ड्रायव्हर खाली उतरून जवळ येत होते. तेव्हा नव्हतं, वाटेत फुटलं असेल, हे वाक्य मिस्त्रीच्या जिभेवर तयार होतं. बायको बघत होती.

"मी वास घेतलाच नाही," तो म्हणाला. "मला येतच नाही. ताप आला तेव्हापासून."

मेहुण्याने उताराकडे पाहिलं, पाठीवरच्या मालाकडे पाहिलं. "तेव्हापासून माझी गाडी किती वेळा बघितलीत?"

"जेव्हा जेव्हा आणलीस तेव्हा."

मेहुण्याने इंजिन बंद केलं. खाली उतरून चाकांखाली अडसर लावायला दगड शोधू लागला. दाजींकडे त्याने मान वळवली नाही.

मिस्त्री रांगेकडे फिरला. निम्म्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. "मागच्या हिवाळ्यापासून पांढऱ्या धुरावर मी कुणाकुणाला 'जा' म्हटलंय?"

एक हात वर आला. मग दुसरा. मागून एक टँकरवाला पुढे सरकला.

"तुम्ही घाट उतरायचा नाही. एकेकाची बाटली बघतो, सायलेन्सरच्या तोंडाला थंड पत्रा धरून पाणी जमतं का ते बघतो. खोलायला लागलं तर खोलतो."

"मिस्त्री, माझ्यात दूध आहे," टँकरवाला म्हणाला. "उन्हात नासेल."

"नासू दे," मिस्त्रीची बायको म्हणाली.