शेजारणीच्या डोक्याचा फोटो

नारिन गावची जिपारगुल कल्पाक शिवायची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पांढऱ्या नमद्याच्या उंच टोप्या. चौदा वर्षं तिचं डोकं दुखत होतं, पण टाका कधी चुकला नाही. सकाळी चहाबरोबर दोन गोळ्या, दुपारी दोन, संध्याकाळी दोन, की झालं. यंदा लेकीनं, ऐजाननं, हट्ट धरून तिच्या मेंदूचा एमआरआय काढून घेतला.

रिपोर्ट घेऊन ऐजान हसतच बाहेर आली. "अपा, काही नाही निघालं! अगदी स्वच्छ!"

जिपारगुल तिच्या डोळ्यांत रडल्याच्या खुणा शोधू लागली.

आमच्याकडे वाईट बातमी दुखणेकऱ्याला कुणी सांगत नाही. डॉक्टर घरच्यांना कोपऱ्यात घेतात आणि घरचे डोळे पुसून हसत आत येतात. सहा वर्षांपूर्वी नवरा तुर्दुबेक पोटातल्या गाठीनं गेला, तेव्हा हेच वाक्य तिनं स्वतः त्याला असंच हसत ऐकवलं होतं.

रात्री ऐजाननं तिच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा वाढला.

"एवढी गोड का वागतेस? किती दिवस उरलेत ते सांग."

"अपा, डोकं फिरलंय का तुझं?"

"तेच तर विचारतेय, कार्टे!"

आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मग टोप्या पोचवायचं निमित्त करून तिनं दूरचं कोचकोर गाव गाठलं. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. कोटाखाली लपवलेली फिल्म तिनं एका म्हाताऱ्या डॉक्टरांपुढे ठेवली.

"माझ्या शेजारणीची आहे. चौदा वर्षं डोकं दुखतंय बिचारीचं. तिला नाही सांगणार, पण मला खरं सांगा."

डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली. किती वेळ बघत होते कोण जाणे! जिपारगुलनं टेबलाची कड घट्ट पकडली.

"काही नाही हिच्या डोक्यात."

"लपवू नका. मी थोडीच मरणार आहे?"

"अहो ताई, मग तुमच्यापासून लपवू कशाला? गाठ नाही, काही नाही. इतकी वर्षं एकाच तऱ्हेनं दुखत असेल, तर फोटोची गरजही नव्हती बहुतेक. गोळ्या किती घेते ते विचारलं का कुणी?"

"दिवसाला सहा."

"रोज? मग आता त्या गोळ्यांनीच दुखत असणार. डॉक्टरला विचारून बंद करायला सांगा. सुरुवातीला जास्त दुखेल, घाबरेल ती. कुणीतरी जवळ बसा."

तिला रडू कोसळलं.

"चांगली बातमी आहे ना, मग रडता कशाला?"

ती जगणार होती, आणि आता तिला ते पटलंही होतं. पण डोळ्यांपुढे तुर्दुबेक होता. तिचं हसणं पाहून तो "बरं झालं" म्हणाला होता आणि भिंतीकडे वळून पडला होता. त्यालाही तेव्हाच सगळं कळलं असणार. पुढचे दोन महिने तो तिच्या शेजारी, एकटाच घाबरत पडून होता.