आठ दिवसांचा बर्फ

सोलापुरात मला ओळखणारी जी थोडी जुनी माणसं उरली आहेत, त्यांना माझ्याबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. विलायतेत शिकत असताना मी आठ दिवस बर्फात अडकलो, आगगाड्या बंद पडल्या, आणि क्षयाने आजारी असलेल्या माझ्या मित्रापर्यंत मला वेळेत पोचता आलं नाही. ही गोष्ट मीच सगळीकडे सांगितली. बर्फ पडला होता, एवढं त्यात खरं आहे. आठ दिवस खोटे आहेत. आता एक पान लिहिलं की दमायला होतं, म्हणून यापुढे ढकलण्यात अर्थ नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. माझे वडील इथल्या एका गिरणीत हेडक्लार्क होते. विणकामाचं शिक्षण घेऊन आलो तर गिरणीत वरची जागा मिळेल, या आशेने त्यांनी मला यॉर्कशरमधल्या एका गिरणगावी पाठवलं. माझ्या आधी वर्षभर माझा शाळेतला मित्र तिथे गेला होता. तो सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातला. तो चौदा-पंधरा वर्षांचा असताना वडील वारले, आई दोन लेकरं घेऊन सोलापुरात आली आणि बाळीवेशीजवळ एका खोलीत राहून लोकर कातू लागली. पोरगा हुशार निघाला, त्याला एका संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली. मी निघण्याआधीच त्याला क्षय झाल्याचं पत्र आलं होतं. त्याला गावापासून दूर, एका टेकडीवरच्या इस्पितळात ठेवलं होतं.

मी निघालो त्या दिवशी मावशी, म्हणजे त्याची आई, काळी घोंगडी घेऊन आमच्या दारात आली. तिनेच कातलेल्या सुताची होती. अजून तिला चिंचोक्याच्या खळीचा वास होता.

"त्येला दे. म्हणावं, तितल्या थंडीला ही पुरंल. आन् तू वापरू नगंस बरं का, तुला लई टोचंल," ती म्हणाली आणि हसली.

मी ऑक्टोबरात पोचलो. नोव्हेंबरात एकदा त्याला भेटून आलो, तेव्हा घोंगडी न्यायची विसरलो. "पुढल्या वेळी आण," तो म्हणाला. पुढे थंडी वाढली. माझ्या खोलीतली शेगडी एवढीशी, तिची ऊब हातभरापलीकडे जात नसे. एका संध्याकाळी मी ट्रंक उघडून घोंगडी काढली आणि अंगावर घेतली. एक दिवसापुरती, असं मनाशी म्हणालो. मग रोज घेऊ लागलो. टोचत होती, पण ऊब होती.

जानेवारीत त्याचं पत्र आलं. ते अजून माझ्या पेटीत आहे. त्याने लिहिलं होतं, "इथे मोकळी हवा हेच औषध. आम्हाला खाटांसकट व्हरांड्यात वाळत घातलं आहे, कुरडयांसारखं. फक्त ऊन नाही. येत्या शनिवारी ये आणि आईची घोंगडी आण. यांच्या ब्लँकेटात मेंढरू नाही."

शुक्रवारी दुपारपासून बर्फ पडायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. आवाज नाही, गडगडाट नाही, नुसता पडतच राहिला. शनिवारी सकाळी दार उघडलं तर पायऱ्या दिसेनात. दारात ठेवलेल्या बाटलीतलं दूध गोठून वर आलं होतं आणि बाटलीचं टोपण बोटभर उंच उभं होतं. परसातला नळ फुटला. ट्रामचे रूळ गडप झाले. तरी गिरणीचा भोंगा नेहमीच्या वेळी वाजला आणि बुटांना गोणपाट बांधलेली माणसं रांगेने चालत कामावर गेली. मी स्टेशनवर गेलो. टेकडीकडे जाणाऱ्या गाड्या बंद होत्या. लोक फाटकाशी उभे राहून कुरकुरत होते. मी परत आलो, तेव्हा माझ्या मनाला खरोखर काही लागलं नव्हतं.

हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. सीनेला पूर आला की मंगळवेढ्याकडे निघालेला माणूस काठावर बसतो. भाकरी सोडतो, खातो, पाण्याकडे बघतो, ओळखीपाळखी काढतो. पाणी उतरलं की पलीकडे जातो. लग्न चुकलं, मयत चुकलं, तरी "सीना आडवी आली" म्हटलं की त्याला कुणी दोष देत नाही. मी बर्फाचा हिशेब तसाच केला. पूर आहे, उतरेल, मग जाऊ.

घरमालकीण पायऱ्यांवर चुलीतली राख पसरत होती, पाय घसरू नये म्हणून. ती विधवा, बोलायला तिखट. मी तिला आमच्या नदीचं सांगितलं.

"नदी वाहून जाते," ती म्हणाली. "हा कुठे वाहून जाणार? हा काढावा लागतो. घे." आणि तिने माझ्या हातात फावडं दिलं.

मी दहा मिनिटं बर्फ ओढला. बोटं बधिर झाली, तसा आत गेलो.

रविवारी दुपारी ती जिना चढून माझ्या दाराशी आली. "गाड्या सुरू झाल्या. दूधवाला सांगत होता. तुला काल मित्राकडे जायचं होतं ना?"

मी शेगडीला अगदी चिकटून बसलो होतो, अंगावर घोंगडी. म्हणालो, "उद्या जाईन. आज स्टेशनपासून पुढे रस्ता नसेल."

"नसेल कसा? तिथल्या लोकांना पाय नाहीत?" माझ्याकडे, मग घोंगडीकडे बघत ती म्हणाली, "फार मऊ घोंगडी आहे वाटतं, सोडवत नाही."

इथपर्यंत माझी चूक अजाणतेपणाची म्हणता येईल. यापुढचं तसं म्हणता येणार नाही. सोमवारी गाड्या चालू होत्या. मंगळवारी ट्रामही चालू झाल्या. इस्पितळ स्टेशनपासून दोन मैल चढावर होतं आणि त्या बर्फातून दोन मैल चालायची मला भीती वाटत होती. भीतीपेक्षाही, शेगडी सोडवत नव्हती. आणि एकदा घोंगडी त्याला दिली की ती माझ्याकडे राहणार नव्हती, हेही डोक्यात होतं. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली. मंगळवारी शेगडीला इतका चिकटून बसलो की घोंगडीची कड तांबूस पडली, मग जळून कडक झाली. वास आला तेव्हा कळलं.

बुधवारी निघालो. स्टेशनपासून चढावर रस्ता मोकळा केलेला होता. दोन्ही बाजूंना कमरेएवढे बर्फाचे ढीग होते आणि मधून एक गाडी जाईल एवढी वाट. चालायला तासही लागला नाही.

त्याची खाट रिकामी होती. अंथरूण नवं घातलेलं होतं. पहाटे गेला, असं परिचारिकेने सांगितलं. शेजारच्या खाटेवर एक गिरणीकामगार होता. त्याच्या पायांवरच्या ताडपत्रीवर बर्फाची भुकटी होती आणि तो ती हाताने झटकत होता. माझ्या काखेतली घोंगडी पाहून तो म्हणाला, "तो घोंगडीवाला तूच का? रविवारपासून वाट बघत होता तुझी. माझी म्हातारी रविवारी चालत आली ना, म्हणून त्याला वाटलं तूही येशील."

तो रागाने बोलला नाही. ते मला जास्त जड गेलं.

त्या संध्याकाळी मी सोलापूरला पत्र लिहिलं. लिहिलं की आठ दिवस बर्फ, आठ दिवस गाड्या बंद. हा आकडा कुठून आला ते मला ठाऊक नाही. पाच दिवस कमी वाटले असतील. तपासायला सोलापुराहून कोण येणार होतं?

शिक्षण पुरं करून मी परतलो तेव्हा मे महिना होता. बाळीवेशीतल्या त्या खोलीत शेजारपाजारचे जमले. मावशी भिंतीला टेकून बसली होती, तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी मला पंख्याने वारा घालत होती. शेजारी राहणारा तेलुगू विणकर म्हणाला, "बरफ म्हणजे कसा हो तिकडचा? गाडीवर मिळतो तसला, की मिठासारखा?"

"मिठासारखा," मी म्हणालो.

"एवढं मीठ! आणि गाडी अडते?"

"तुम्ही गप बसा की. त्येला सांगू द्या," मावशी म्हणाली.

मग मी सांगितलं. पत्रात गुडघाभर होता, त्या दिवशी तो छातीपर्यंत आला. लोक चुकचुकले. मी घोंगडी तिच्यासमोर ठेवली. ती बराच वेळ चाचपत होती. कडेशी तिचं बोट थांबलं.

"हितं जळलंय का रं?"

मी म्हणालो, "इस्पितळात शेगडी होती, मावशी. खाटेजवळच."

"म्हंजी पोचली व्हय त्येला?"

"बर्फाच्या आधीच दिली होती."

ती घोंगडी छातीशी धरून म्हणाली, "मग ऊब हुती त्येला. शेगडी हुती." आणि पोरीला म्हणाली, "ऐकलंस न्हवं? दादाला शेगडी हुती."

त्या व्हरांड्यात शेगडी नव्हती. तीन बाजूंनी उघडा होता तो.

पुढे मी गिरणीत लागलो, वरच्या जागेवर चढलो. लग्नाकार्यात लोक म्हणत, "साहेब, तो बर्फाचा किस्सा सांगा," आणि भर उन्हाळ्यात, घाम पुसत, मी सांगत असे. बर्फ कधी खांद्यापर्यंत आला, कधी डोक्यावरून गेला. मावशीने मात्र त्या दिवसापासून बर्फाला हात लावला नाही. चैत्रात पन्हं असो की उसाचा रस, कुणी त्यात बर्फ घातला की ती पेला बाजूला सारायची. "त्यानंच माझ्या लेकाची वाट आडवली," म्हणायची. तिच्या घरात बर्फ येत नसे. पुढे मुलीच्या सासरीही तोच नेम गेला. रणरणत्या उन्हात नातवंडं बर्फाच्या गोळ्यासाठी रडायची आणि त्यांना गूळपाणी मिळायचं. मी ते पाहिलं आहे. तिथे बसून गूळपाणी प्यायलोही आहे.

मावशी थकली तेव्हा खरं सांगायचं ठरवून एकदा गेलो होतो. मला पाहताच ती म्हणाली, "बस. त्या शेगडीचं सांग जरा." मी शेगडीचं सांगून आलो. त्याच पावसाळ्यात ती गेली.

गेल्या एप्रिलात मी तिच्या मुलीकडे गेलो. आता तिचेही केस पांढरे झाले आहेत. घोंगडी तिच्या खाटेच्या पायथ्याशी घडी करून ठेवलेली होती, जळकी कड वर. ती पन्हं करत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, एकेक दिवस. घोंगडी कुणाच्या अंगावर होती ते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची म्हातारी रविवारी चालत आली होती ते. व्हरांड्यात शेगडी नव्हती ते.

ती पळीने पन्हं ढवळत राहिली. मग पळी ठेवली आणि म्हणाली, "दादा, बसा. आले."

ती शेजारच्या घरी गेली. त्यांच्याकडे फ्रिज आहे. परत आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत बर्फाचे चार तुकडे. ते तिने पेल्यात टाकले, एकेक करून. पेला ओठाला लावला, थोडं थांबली, आणि सगळं पन्हं पिऊन टाकलं. उरलेला बर्फ दाताखाली फोडून खाल्ला. मी समोर बसलो होतो. माझ्यासाठी दुसरा पेला तिने काढला नाही.

थोड्या वेळाने मी उठलो. तिने घोंगडीची घडी उलटी केली, जळकी कड आत गेली. ती दारापर्यंत आली नाही. ऊन फार होतं. बाळीवेशीपर्यंत सावली धरत, थांबत थांबत चालत आलो.