डिझेलमधले जीव

इंजिनाचा आवाज बदलला तेव्हा मी भातावर आमटी ओतत होतो. धाप लागलेल्या माणसासारखा तो आवाज वर-खाली होत होता. ताट तसंच टाकून मी खाली पळालो. इंजिनरूमचा जिना उतरेपर्यंत इंजिन बंद पडलं होतं.

गोवा मागे राहिला होता, सेशेल्स बेटं पुढे होती, आणि दोन्ही सारखीच लांब. बोटीवर आम्ही तिघं. गोव्याचा कॅप्टन, बोटीचे मालक आप्पा आणि मी, इंजिनियर. मी बेळगावच्या अनगोळचा. हयात मालवाहू जहाजांवर इंजिनांपाशी गेली. रिटायर होऊन घरी बसलो, तर आप्पांनी मला गाठलं.

आप्पा निपाणीचे. जैन घर, तंबाखूचं शेत आणि वखार. गोव्यात एका परदेशी माणसाला ही बोट विकायची होती. आप्पांनी ती ट्रॅक्टर घ्यावा तशी घेतली, खालून-वरून बघून आणि भरपूर घासाघीस करून. असल्या बोटीला लाँग-रेंज मोटर यॉट म्हणतात. तिला शीड नसतं. एकच इंजिन, पोटात डिझेलच्या मोठमोठ्या टाक्या, आणि वेग सायकलवाल्यानं हसावं इतका. हळू जायचं, पण न थांबता समुद्र पार करायचा. सगळी भिस्त डिझेलवर.

इंजिन थांबलं आणि बोट लाटांना आडवी पडली. बोटीच्या बुडाला दोन पंख असतात, ते तिला डोलू देत नाहीत. पण बोट पुढे सरकत असेल तरच ते काम करतात. आता आम्ही सुपातल्या धान्यासारखे इकडून तिकडे फेकले जात होतो. वर भांडी पडल्याचे आवाज येत होते.

मी फिल्टर बघितला. त्याच्या खाली काचेची वाटी असते. तिच्यात डिझेल स्वच्छ, पिवळसर दिसायला हवं. वाटीत काळा, बुळबुळीत लगदा होता. विहिरीच्या तळाचं शेवाळ असावं तसा.  एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं डिझेल मी पाहिलं नव्हतं.

टाकीत ओल धरते आणि तिचं पाणी तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं सूक्ष्म जीव वाढतात. ते डिझेलवरच जगतात. समुद्र खवळला की हा गाळ ढवळला जातो आणि फिल्टर तुंबतो. ते होऊ नये म्हणून इंधन भरताना टाकीत एक औषध ओततात. ती बाटली मी स्वतः आणली होती. डिझेल भरलं त्या दिवशी मी आणि कॅप्टन कस्टम्सच्या ऑफिसात अडकलो होतो, म्हणून आप्पांना सांगून गेलो होतो, "डिझेलात किडे होतात आप्पा, एवढं औषध ओता." आप्पा म्हणाले होते, "बरं, बघतो."

मी फिल्टर बदलला, पाइपमधली एअर काढली, इंजिन सुरू केलं. वर येऊन बसतो न बसतो तोच ते पुन्हा बंद. पुन्हा काळी वाटी. मदतीला एक छोटं इंजिन होतं, पण आधीच्या मालकानं त्याचाही पाइप त्याच टाकीला जोडून ठेवला होता.

कॅप्टन जिन्यात येऊन उभा राहिला. "नवे फिल्टर किती दिवस पुरतील?"

"दिवस सोडा. संध्याकाळपर्यंत पुरले तर नशीब."

"मग ऐक. वारा वाढतोय. अंधारात अशी आडवी बोट मी ठेवणार नाही. अंधार पडायच्या आत इंजिन चाललं नाही, तर मी मेडे देणार. जहाज येईल, माणसं उचलील. बोट सोडायची."

मेडे म्हणजे जीव वाचवा अशी हाक. ती दिली की बोट गेली, आणि चालू जहाजावर दोरीच्या शिडीनं चढायचं. आप्पांचं वय सत्तरीच्या पुढचं.

जास्तीचे फिल्टर शोधायला मी आप्पांच्या केबिनमधल्या बाकाखाली हात घातला. हाताला बाटली लागली. औषधाची. सील शाबूत.

मी बाटली घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. ते बाकाला घट्ट धरून णमोकार मंत्र म्हणत होते.

"आप्पा, हे ओतलंच नाही?"

"न्हाय."

"का पण?"

"तूच सांगिटलंस न्हवं रं, किडं मारायचं औषध हाय म्हणून? एवढं जीव माझ्या हातानं मारू?"

 मी ओरडलो, "तंबाखूला फवारत नव्हता काय?"

"म्हणून तर शेत वाट्यानं दिलंया."

वडीलधाऱ्या माणसाशी बोलू नये ते त्यानंतर मी बोललो. आप्पांनी ऐकून घेतलं. बोट कलली, दोघंही भिंतीवर आदळलो. तिथंच बसून ते हळू म्हणाले, "टाकीतलं जीव हिशेबात धरलं मी. बोटीवरचं तिघं धरायचं राह्यलं बघ."

माझा राग तिथंच उतरला. भीती मात्र होती तेवढीच होती.

आता औषध ओतूनही उपयोग नव्हता. मेलेला गाळ सुटून उलट जास्त तुंबला असता. मी ठरवलं, मोठ्या टाकीच्या वरच्या थरातलं डिझेल हातपंपानं काढायचं, कापडातून गाळायचं आणि इंजिनाला थेट डिझेल देणाऱ्या छोट्या टाकीत भरायचं. छोटी टाकी आधी रिकामी करून पुसली. कापड विचारलं तर आप्पांनी पाणी गाळायची फडकी काढून दिली. जाड, दुहेरी, धुवट.

कॅप्टननं पंप मारला. आप्पांनी फडकं धरलं. मधेमधे त्यांना उलटी होत होती, पण फडकं काही त्यांनी सोडलं नाही. फडक्यावर काळा थर जमला तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यास्नी कुठं सोडायचं?"

"कुणाला?"

"ह्या जिवास्नी. पाणी गाळलं की फडक्यावरचं परत हिरीतच सोडत्यात. हे डिझेलातलं. समुद्रात टाकलं तर मरतील की रं."

 तसला गाळ समुद्रात टाकायला कायद्यानंही बंदी आहे, त्यामुळे वाद घातला नाही. एका बादलीत थोडं डिझेल घेऊन त्यात तो झटकला.

सूर्य टेकला तेव्हा मी शेवटचा नवा फिल्टर बसवला आणि बटण दाबलं. इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा एअर काढली, पुन्हा दाबलं. या वेळी ते चाललं आणि चालतच राहिलं. कॅप्टननं बोट लाटांकडे वळवली. मी तिथंच तेलकट फरशीवर बसून रडलो.

पुढचा सगळा प्रवास आम्ही आळीपाळीनं डिझेल गाळत केला. सेशेल्सला टाक्या उघडून धुतल्या. आप्पांनी गाळाची बादली तो न्यायला आलेल्या माणसाच्या हातात दिली आणि नमस्कार केला. त्या माणसाला वाटलं, आपल्यालाच.

परतीसाठी डिझेल भरताना मी बाटली घेऊन उभा होतो. आप्पांनी माझा हात धरला.

"जीव हुतात ते पाण्यानं न्हवं?"

"व्हय."

"मग पाणीच राहू देऊ नगं. जीव हुयाचंच न्हाईत. मारायला नगं."

मी मॅन्युअल उघडलं. त्यातही आधी तेच लिहिलं होतं. टाकीच्या तळाचा नळ रोज उघडून पाणी काढावं. औषध त्यानंतर. हे काम इतकं कंटाळवाणं असतं की आम्ही इंजिनियर लोक थेट औषधावर येतो.

परतीच्या वाटेवर आप्पा रोज सकाळी आंघोळ करून तो नळ उघडायचे. इंजिन एकदाही थांबलं नाही.

बाटलीही मी ओतली होती. भरताना. नंतर आप्पा फळं आणायला गेले होते तेव्हा.