लबाड खारीवाला

त्या दिवशी आमच्या गल्लीत खारीवाला आलाच नव्हता. हाक मी मारली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आईला तर नाहीच.

भुईगावात तेव्हा आमची घरं रस्त्यावर नसत. आधी कुंपण, मग केळी, पानवेली, विहीर, आणि या सगळ्याच्या पोटात कुठेतरी घर. त्यामुळे विकायला येणारा माणूस दिसायचा नाही, ऐकू यायचा. सकाळी पाववाल्याच्या सायकलची घंटी, दुपारी उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या म्हातारीचा किनरा आवाज, आणि चहाच्या वेळी खारीवाला. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, तिच्यात खारी, बटर, नानकटाई. वळणावर तो आधी खाकरायचा, मग "खाऽऽरी" लांबवर ओढायचा आणि "बटर" पटकन गिळून टाकायचा. ते ऐकलं की आमच्या घरी आणि विहिरीपलीकडे बायच्या घरी एकदमच चहाचं आधण चढे. ती ख्रिस्ती शेजारीण. तिला सगळे बायच म्हणत, तिचा नवरासुद्धा. खारीवाला कुंपणाशी पोचेतो दोन्हीकडच्या बायका ताटल्या घेऊन उभ्या असत. तिथे खारी कमी आणि गप्पा जास्त घेतल्या जात.

मला त्याची नक्कल छान साधली होती, खाकरण्यासकट. शाळेत पोरं वाहवा करायची. मग एका दुपारी केळीच्या आड उभं राहून मी ती हाक दिली. आई धावली, बाय धावली. रस्ता रिकामा. मी हसू दाबायला शर्टाची कॉलर चावत होतो.

दुसऱ्या दिवशी खरा खारीवाला आला. बायने त्याला ट्रंकसुद्धा उतरवू दिली नाही.

"काल हाक मारून कुठे पळालास रे? माझं दूध उतू गेलं."

"काल मी आलोच नाय, बाय. अंगात ताप होता."

"मग हाक कोणी मारली, तापाने?"

"आम्ही पण ऐकली हो," आई म्हणाली. "खाकरलात पण."

"ट्रंक उघड," बायचा नवरा आतून ओरडला, "ताप त्यातच असेल."

सगळे हसले, तोही हसला. मग म्हणाला, "मी खोटं नाय बोलत." पण तोवर आई नानकटाई निवडायला लागली होती.

तेव्हापासून त्याचं नाव लबाड पडलं. "लबाडा, आज खरंच आलायस ना?" म्हणून बाय त्याच्या दंडाला चिमटा काढायची. प्रेमानेच सगळं. नाताळात बाय त्याला नेवऱ्या बांधून द्यायची, दिवाळीत आई करंज्या, आणि वस्तू एकच असली तरी कोणाची खुसखुशीत हे त्याने सांगायचं असे. तो दोघींना तुमचीच म्हणे, की पुन्हा लबाड.

एकदा मी कुंपणाशी एकटाच होतो. त्याने ट्रंक उतरवली, पानी मागितलं. तो मिठागरांकडचा, पाण्याला पानी म्हणायचा. मी तांब्या आणून दिला.

"पोरा," तो म्हणाला, "बायको म्हनते, त्या दिवशी मी अंथरुनावर होतो. इथं सगळी म्हनतात आलो होतो. तू सांग. तुझे कान तरने."

मार पडेल ही भीती नव्हती. आई मारत नसे. पण चहाच्या वेळची ती सगळी मजा माझ्या एका वाक्याने संपली असती, आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले असते.

"आला होतात, मामा," मी म्हणालो. "मी ऐकलं ना."

त्याने तांब्या रिकामा केला. "मग आलो असेन. तापात मानसाला काय कळतं." आणि खरं सांगितल्याबद्दल मला एक नानकटाई दिली. मी ती तिथेच उभ्याने खाल्ली. चांगली होती, हेही कबूल करतो.

त्यानंतर तो मधूनच बायला विचारायचा, "बाय, मी काल आलो होतो ना?" बायकांना वाटे, लबाडाने नवा विनोद काढला. त्या पोट धरून हसत. तो मात्र उत्तर मिळेपर्यंत ट्रंक डोक्यावर चढवत नसे. हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. पुढे नाक्यावर बेकरी झाली आणि त्याचं येणं बंद झालं. तो आता हयात नसणार.

बाय आहे. थकली आहे, पण जीभ तशीच. मी गेलो की नातवंडांना गोळा करून लबाड खारीवाल्याची गोष्ट सांगते, "विचारा याला, याने पण ऐकलंय" म्हणते, आणि मी मान डोलावतो.

तो खरं बोलत होता, एवढं मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.