मंगलच्या नावाने मी बोललेलं खोटं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. पण परवा लोकांनी माझा सत्कार केला, आणि मी तो निमूट करून घेतला — मग मात्र राहवेना.

सत्कार कशाचा? माझी धाकटी बहीण मंगल आता इंदिरानगरात एकटी राहते, बाजारात स्वतःचं फुलांचं दुकान चालवते, म्हणून. लहानपणापासून तिच्या पायांत बळ नाही. चाकाच्या खुर्चीवर असते. "भाऊ असावा तर असा," लोक म्हणतात.

असा म्हणजे कसा?

काही वर्षांपूर्वी पालिकेची दोन माणसं आमच्या मळ्यातल्या घरी आली होती. बाजारात अपंगांसाठी गाळे काढणार होते. मंगल आत हार ओवत होती. तिचे हार मी विकायचो — ती गेली तर ओवणार कोण? खरं सांगू? तेही कारण नव्हतं. ती माझ्यावाचून जगू शकते, हेच मला नको होतं.

मी म्हणालो, "ती डोक्यानं कमी आहे. तिला काय विचारता?"

माणसं परत गेली. कोण आलं होतं, असं मंगलनं विचारलं. म्हणालो, "रस्ता चुकले होते."

पण मंगल कसली थांबते! गाळ्यांचं तिला शेजारच्या काकूंकडून कळलं. मला न सांगता, काकूंना घेऊन, रिक्षानं ती वॉर्डाच्या सभेला गेली. सभा वरच्या मजल्यावर, समोर जिना. तिनं खालूनच हाक दिली, "साहेब, आमच्याबद्दल बोलताय ना? मग खाली या! मला वर नाय येता येत."

आणि साहेब आले हो! खुर्च्या उतरल्या, अख्खी सभा अंगणात भरली. काकू अजून रंगवून सांगतात — उतार कसा हवा, संडासाचं दार किती रुंद हवं, बसची पायरी कुठं नडते, मंगल बोलतच राहिली. गाळा मिळाला. बाजाराला उतार झाला. त्यावरून आता म्हातारी माणसंही आरामात चढतात.

मग तिनं तळमजल्यावर खोली घेतली. सामान मीच पोचवलं. निघताना म्हणाली, "दादा, आता येताना बेल वाजवायची बरं का!" काय खळखळून हसली! तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

माझं खोटं तिला अजून माहीत नाही. उद्या सांगणार आहे. तिनं मला दारातूनच परत पाठवलं, तरी दार तिचं आहे.